लग्नात कमरेला रिव्हॉल्वर लावून आलेले पाहुणे: परवाना आहे म्हणजे कुठेही चालतं का?

मोरपिशी:
धागा काढू की नको असं आठवडाभर चाललं होतं. शेवटी काढतेच.

मागच्या महिन्यात माझ्या भाचीचं लग्न झालं. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, कार्यालयात साडेतीनशे-चारशे माणूस. मुलाकडच्यांचे एक स्नेही आले होते, बांधकाम व्यवसायातले. शर्ट आत खोचलेला, पट्ट्याला एका बाजूला मोबाईलचं पाकीट आणि दुसऱ्या बाजूला रिव्हॉल्वर. लपवायचा प्रश्नच नाही, उलट हात कमरेवर ठेवून उभे राहायची सवय. मंगलाष्टकं संपली तेव्हा होल्स्टरच्या शिवणीत चार-पाच अक्षता अडकलेल्या मला दिसल्या, इतक्या जवळ मी उभी होते.

पुढे स्टेजवर फोटोसाठी रांग लागली. माझ्या चुलतभावाचा सहा वर्षांचा मुलगा (त्याला इथे चिंटू म्हणू) त्यांच्या मागे उभा. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ते होल्स्टर. कुणाचं लक्ष नाही असं बघून पोराने त्याचं बटण टक्क करून उघडलं, बंद केलं, परत उघडलं. माझ्या पोटात गोळा आला. ते गृहस्थ हसून म्हणाले, "खरं आहे हां बाळा, खेळण्यातलं नाही."

दादा, म्हणजे मुलीचे वडील, हात जोडून म्हणाले, "साहेब, गाडीत ठेवता का? नाहीतर कार्यालयाच्या ऑफिसात कपाट आहे, मॅनेजरकडे देऊ, निघताना घ्या." त्यावर उत्तर एकच: "लायसन्स आहे. ऑल इंडिया." मुलाकडची माणसं, विषय तिथेच संपला.

तर विचारायचं असं, की परवाना असला म्हणजे लग्नात, देवळात, शाळेत, कुठेही असं उघड लावून जाता येतं का? आणि यजमानाने नेमकं काय करायचं?

पंक्चरवाला:
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. पहिली रांग.

खुसपट:
परवाना सरकारने दिला, पोलिसांनी चौकशी करून दिला. मग अडचण काय आहे? कमरेला मोबाईल चालतो, रिव्हॉल्वर का नाही? मोबाईलने जास्त संसार मोडले असतील.

पंक्चरवाला:
मोबाईलचं बटण चिंटूने दाबलं तर फार तर फोन लागतो हो खुसपटराव.

सराफकट्टा:
माझ्याकडे ११ वर्षांपासून परवाना आहे, .३२ चं रिव्हॉल्वर. सोन्याचांदीचं दुकान आहे, रात्री नऊला बंद करून रोकड घेऊन घरी जायचं असतं. एकदा रस्त्यात डोळ्यांत तिखट टाकून बॅग नेली, तेव्हापासून अर्ज केला. मिरवायला घेतलेलं नाही एवढंच सांगायचं आहे. पण प्रश्न खरा आहे. लग्नसराईत दुकान बंद करून थेट रिसेप्शनला जावं लागतं. मी शर्ट बाहेर सोडतो, दिसू देत नाही. कधी कुणी हरकत घेतली नाही. कायद्याने काय आहे ते मलाही ऐकायचं आहे.

पंक्चरवाला:
आयडीतच कट्टा आहे. आधी परवाना दाखवा.

सराफकट्टा:
सराफकट्टा म्हणजे सराफांचा बाजार हो. हा विनोद मी अकरा वर्षांत नऊशे वेळा ऐकलाय.

कोर्टकचेरी:
मोरपिशीताई, सरळ उत्तर देतो, मग फाटे फोडू.

शस्त्र अधिनियम १९५९ चा, अमलात आला १९६२ साली. त्याखाली हल्ली शस्त्र नियम २०१६ आहेत. त्या नियमांत सार्वजनिक ठिकाणी बंदूक कशी न्यायची ते स्पष्ट दिलंय. पिस्तूल-रिव्हॉल्वर असेल तर अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा पाठीवरच्या पिशवीसारख्या आवरणात, लांब नळीचं हत्यार असेल तर त्याच्यासाठी केलेल्या आवरणात. आणि हत्यार पूर्ण झाकलेलं हवं, शिवाय बाळगणाऱ्याचा त्यावर नीट ताबा हवा. हातात घेऊन नाचवणं, सार्वजनिक जागी उडवणं, अगदी नुसता आवाज करणारं असलं तरी, मना आहे. परवाना रद्द होऊ शकतो.

तुमच्या पाहुण्यांचं दोन ठिकाणी चुकलं. मूठ बाहेर दिसत होती, म्हणजे झाकलेलं नव्हतं. आणि सहा वर्षांचं पोर बटण उघडतंय आणि यांना कळत नाही, तर ताबा कसला?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. वैयक्तिक परवाना ज्या नमुन्यात मिळतो त्यात अटी छापलेल्या असतात. त्यातली एक अट अशी, की जिल्हादंडाधिकाऱ्यांनी खास परवानगी दिल्याशिवाय हे शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा इतर सार्वजनिक जमावात न्यायचं नाही, आणि शैक्षणिक संस्थेच्या आवारात न्यायचं नाही. "ऑल इंडिया" म्हणजे भारतभर वैध, एवढंच. त्याचा अर्थ भारतातल्या प्रत्येक मांडवात वैध असा होत नाही. अट मोडली तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खुसपट:
दोन हजार? हेल्मेटवाल्यांनी ऐकू नये. 🙂
बरं, लग्न हा "सार्वजनिक जमाव" कसा? पत्रिका देऊन बोलावलेली माणसं आहेत. खासगी कार्यक्रम आहे. तुमची अट जत्रेला लागते, लग्नाला नाही.

कोर्टकचेरी:
मुद्दा बरोबर आहे आणि यावर वाद घालायला मला फी मिळाली असती तर बरं झालं असतं. "सार्वजनिक जमाव" याची व्याख्या अधिनियमात दिलेली नाही. कलम २४ब मध्ये "सार्वजनिक जागा" म्हणजे जनतेला किंवा जनतेच्या एखाद्या गटाला जिथे जाता येतं ती जागा, असं आहे, पण ती व्याख्या त्या कलमापुरती, म्हणजे अशांत क्षेत्रापुरती. २०१९ च्या दुरुस्तीत "आनंदोत्सवातला गोळीबार" हा गुन्हा नव्याने आला, कलम २५(९). तिथे सार्वजनिक मेळावे, धार्मिक स्थळं, लग्नसमारंभ आणि इतर कार्यक्रम असं सगळं एकत्र मोजलंय. तिथे शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. खुसपटराव म्हणतील, बघा, लग्न वेगळं लिहिलं म्हणजे ते सार्वजनिक मेळाव्यात येत नाही. मी म्हणेन, संसदेला लग्नातली बंदूक डोळ्यांपुढे होती एवढं तरी त्यातून दिसतं. चारशे माणूस, दार उघडं, जेवायला कोण आलं ते यजमानालाही माहीत नाही. असलं लग्न खासगी म्हणून कोर्टात मांडायला मला तरी जड जाईल.

पंक्चरवाला:
जेवायला कोण आलं ते यजमानालाही माहीत नाही >> मी कॉलेजात असताना याच तत्त्वावर जेवलोय. +१

जमादार:
मी पोलीस खात्यातून निवृत्त आहे, कायदा वकीलसाहेबांना जास्त कळतो. मी रस्त्यावरचं सांगतो.

एका जत्रेत बंदोबस्ताला होतो. एक गृहस्थ मंदिराच्या पायऱ्या चढत होते, कमरेला पिस्तूल, पिवळ्या गॉगलसकट. परवाना मागितला. कलम १९ खाली कुठलाही पोलीस मागू शकतो. त्यांनी मोठ्या रुबाबात काढून दाखवला, फोटो, शिक्का, सगळं बरोबर. मी म्हटलं, साहेब, जरा पान उलटा. उलटलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात अटी. मी जत्रेच्या अटीवर बोट ठेवलं. ते दोन मिनिटं वाचत राहिले आणि म्हणाले, "हे कधी छापलं?" मागून त्यांच्या मंडळींनी विचारलं, "काय झालं हो?" तर म्हणाले, "काही नाही, नूतनीकरणाचं विचारतायत." मग मुकाट्याने पायऱ्या उतरले आणि घरी गेले. दर्शन राहिलं.

एवढ्या नोकरीत ती मागची बाजू वाचलेला परवानाधारक मला दोन-तीनदा भेटला असेल.

सराफकट्टा:
जमादारसाहेब, आत्ता कपाटातून परवाना काढला आणि चष्मा लावून वाचला. आहे. मी इतकी वर्षं नवरात्रात दुकानातून थेट देवीच्या आरतीला जात होतो. आता काही बोलत नाही.

चिमणचारा:
मोरपिशी, तुझ्या दादांनी सुचवलेला उपाय मला तरी एकदम योग्य वाटला. कपाटात ठेवा, निघताना घ्या. यात त्या माणसाला एवढं लागायचं कारण काय?

कोर्टकचेरी:
चिमणचाराताई, तिथेच थांबा. हे सगळ्यांना सुचतं आणि हेच सगळ्यात वाईट. मॅनेजरकडे परवाना नाही. त्याच्या कपाटात, त्याच्या किल्लीखाली भरलेलं रिव्हॉल्वर म्हणजे विनापरवाना ताबा, कलम ३ चा भंग. त्याची शिक्षा २०१९ नंतर दोन ते पाच वर्षं. देणाऱ्यावर कलम २९ वेगळं. दादांनी आणि मॅनेजरनी चांगुलपणाने घेतलं असतं आणि नेमकी तेव्हाच तपासणी झाली असती, तर रिव्हॉल्वरवाले बाहेर आणि मॅनेजर आत, असा प्रकार झाला असता. पाहुणे "नाही" म्हणाले ते चुकीच्या कारणाने म्हणाले, पण मॅनेजरवर उपकारच झाले.

गाडीत ठेवायचं तरी कुणाच्या भरवशावर? गाडीत ड्रायव्हर, ड्रायव्हरकडे किल्ली.

खुसपट:
वकीलसाहेब, अर्धं सांगू नका. कलम ३ लाच परंतुक आहे. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने दुसरा माणूस शस्त्र नेऊ शकतो. माझा मेव्हणा हे वाक्य तोंडपाठ म्हणतो.

कोर्टकचेरी:
मेव्हण्यांना पुढचं वाक्यही पाठ करायला सांगा. दुरुस्तीसाठी, परवाना नूतनीकरणासाठी, किंवा परवानाधारकाच्या वापरासाठी नेता येतं. म्हणजे साहेब पुढे आणि मागे गडी बंदूक घेऊन चाललाय, हे बसतं. साहेब आत जिलेबी खातायत आणि गडी पार्किंगमध्ये बंदुकीवर बसलाय, हे बसवायला फार ताणावं लागेल.

पंक्चरवाला:
बंदुकीवर बसलाय... ताणावं लागेल... मी गप्प बसतो.

टेक्सासकर:
आमच्याकडचं थोडं. (अवांतर आहे, पण तुलना म्हणून.) टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला पिस्तूल बाळगायला परवानाही लागत नाही. उघड लावा नाहीतर झाकून. मग दुकानदार काय करतात? दारावर पाटी. ३०.०६ ची पाटी म्हणजे झाकलेलं आणू नका, ३०.०७ म्हणजे उघडं आणू नका. हे दंडसंहितेच्या कलमांचे आकडे आहेत. पाटीवरचा मजकूर, अक्षरांची उंची (किमान एक इंच), इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही, सगळं कायद्याने ठरवून दिलंय. आणि योगायोग असा की ३०-०६ हे एका गाजलेल्या रायफल काडतुसाचंही नाव आहे.

तिसरी पाटी मला सगळ्यात आवडते. लाल अक्षरांत नुसतं "५१%". म्हणजे या जागेचं निम्म्याहून जास्त उत्पन्न इथेच बसून प्यायल्या जाणाऱ्या दारूतून येतं, तेव्हा बंदूक बाहेर. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं सेल लागलाय.

न्यूयॉर्कचं उलट होतं. तिथे १९१३ पासून कायद्याने "योग्य कारण" दाखवावं लागायचं. २०२२ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ती अट उडवली. पण शाळा, न्यायालयं, मतदान केंद्रं अशा "संवेदनशील जागी" बंदी घालायला हरकत नाही हेही मान्य केलं. आता भांडण चालू आहे ते संवेदनशील कशाला म्हणायचं यावर.

खुसपट:
बघा! तिथे माणसावर विश्वास ठेवतात.

टेक्सासकर:
खुसपट, माझ्या मुलीला बालवाडीपासून शाळेत दार लावून, दिवे घालवून, कोपऱ्यात गप्प बसायचा सराव करायला लावलाय. घरी आल्यावर तिने मला विचारलं होतं की बाबा, शिंक आली तर काय करायचं. विश्वासाबद्दल मी सध्या एवढंच लिहितो.

रानमांजर:
सिंधुदुर्गातून लिहितोय. तुम्ही सगळे रिव्हॉल्वरवाले शहरी लोक. आमच्याकडे बंदूक म्हणजे एक नळीची, नाहीतर आज्याच्या वेळची ठासणीची. परवाना शेतीसंरक्षणाचा. क्षेत्र ठरलेलं असतं, त्याच्या बाहेर न्यायची सोय नाही. आणि परवाना आहे म्हणून डुक्कर मारता येतो असंही नाही बरं का, त्याला वनखात्याची वेगळी परवानगी, वन्यजीव कायदा १९७२ चा. बहुतेक वेळा बंदूक फक्त आवाजाला. वानरं आवाजाला भितात. डुक्कर आता आवाजालाही भीत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. निवडणूक आली की बंदूक पोलीस स्टेशनात जमा. २०२४ ची विधानसभा आठवा, १५ ऑक्टोबरला आचारसंहिता, २० नोव्हेंबरला मतदान. कोकणात हे दिवस कसले? भातकापणीचे. उभं पिवळं भात, रात्री डुकरांचा कळप येतो, आणि माझी बंदूक ठाण्यात नंबर लावून उभी. मी मांगरात (शेतातल्या खोपटात) बसून पत्र्याचा डबा वाजवतोय. शेजारचे तात्या म्हणाले, "आता उमेदवाराकच बोलव राखणेक, तो खयही येतलो."

परत मिळाली तेव्हा घोड्याला सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा होता, त्यावरचा नंबर दमटपणाने पुसलेला, आणि नळीला गंजाची तांबूस लव. तीन दिवस तेल लावून घासली. ज्या बंदुकीची सगळ्या गावाला माहिती आहे, जी दीड एकराच्या बाहेर जात नाही, ती निवडणुकीत कुणाला धमकवायला जाणार?

जमादार:
रानमांजरभाऊ, तुमची बंदूक माझ्यासारख्याच कुणीतरी भिंतीला टेकवून ठेवली असणार. मुद्देमाल खोलीत आधीच दारूचे ड्रम, चोरीच्या सायकली, त्यात चाळीस-पन्नास बंदुका. तेलाचा आणि घुशीचा वास. जमा करून घेताना आम्ही पहिलं काम करायचो ते म्हणजे नळी आभाळाकडे धरून रिकामी आहे का बघायचं. एकाने भरलेली आणून दिली होती आणि वर सांगितलं, "साहेब, लहान पोरं आहेत घरात, म्हणून भरलेलीच आणली, काडतूस मागे नको."

कोर्टकचेरी:
सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करायची नाहीत, जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांच्या छाननी समितीने प्रत्येकाचं बघून ठरवायचं, अशी पद्धत आहे, आणि न्यायालयांनीही सरसकट सक्तीला नाकं मुरडली आहेत. रानमांजर, पुढच्या वेळी आचारसंहिता लागल्या लागल्या समितीकडे लेखी अर्ज द्या, पिकाचं कारण लिहून, सातबारा जोडून. पोच घ्या. आणि मतदानाच्या दिवसाचं वेगळं कलम आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १३४ब. मतदान केंद्राच्या आसपास शस्त्र घेऊन फिरायचंच नाही, परवाना असो वा नसो. दोन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि दोषी ठरलात की शस्त्र जप्त, परवाना रद्द.

रानमांजर:
अर्जाचं माहीत नव्हतं. करून बघतो. डुकरांना पोच द्यायला लागू नये म्हणजे झालं.

चिमणचारा:
माझा अनुभव. बाबा लष्करात होते. ते गेल्यावर त्यांची एक हिरवी कॅनव्हासची बॅग मी वापरायला घेतली, मजबूत म्हणून. दोन वर्षं भाजी आणली त्यातून. मग एकदा विमानाने जायचं होतं, तीच बॅग केबिनमध्ये घेतली. तपासणीत पट्टा थांबला. तिथली मुलगी स्क्रीनकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग परत स्क्रीनकडे. अस्तराच्या आत, शिवण उसवून खाली गेलेलं एक जिवंत काडतूस. हिरवट डाग पडलेलं. मी ते आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

विमान गेलं. रात्र पोलीस ठाण्यात. माणसं वाईट वागली नाहीत, चहाही दिला, पण गुन्हा नोंदवला. नातेवाइकांत मी "ती काडतूसवाली" झाले ते वेगळंच. चौदा महिन्यांनी हायकोर्टाने गुन्हा रद्द केला.

तेव्हा मोरपिशीच्या पाहुण्यांना "लायसन्स आहे" म्हणून जेवायला बसवतात आणि मी एका काडतुसापायी वर्षभर वकिलाच्या पायऱ्या चढते, याचा मला राग आहे. लिहून टाकला.

कोर्टकचेरी:
राग रास्त आहे. तुमच्या वकिलांनी "जाणीवपूर्वक ताबा" हा मुद्दा घेतला असणार. गुणवंतलाल खटल्यात, १९७२ साली, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की ताब्यात जाणिवेचा भाग हवा. बॅगेत आहे हेच माहीत नाही तर गुन्हा कसला? एकट्या काडतुसाचे असे बरेच गुन्हे हायकोर्टांनी रद्द केले आहेत. पण तिथवर जाईपर्यंत माणूस पिळून निघतो.

ज्यांच्या घरात कुणी लष्करात, पोलिसात किंवा नेमबाजीत आहे त्यांनी जुन्या बॅगा प्रवासाला नेण्याआधी उलट्या करून झटका. अस्तरासकट. आणि काडतूस सापडलं तर ते नदीत फेकू नका, पोलीस ठाण्यात लेखी कळवा.

बोरूबहाद्दर:
धागा रंगलाय. एक शंका. आमच्या गल्लीत दर आठवड्याला कुणीतरी दादा तलवारीने केक कापतो आणि त्याचा व्हिडिओ टाकतो. मग पोलीस त्याला नेतात, मग त्याचा हात जोडून माफीचा व्हिडिओ येतो. हे कशाखाली? तलवार काही बंदूक नाही.

जमादार:
नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं नियमांच्या यादीत येतात, तलवार, गुप्ती, खंजीर धरून. घरगुती, शेतीची, कारखान्याची अवजारं त्यातून वगळली आहेत. म्हणून ऊसतोडीचा कोयता फडात अवजार, आणि तोच चौकात मोटरसायकलवर उगारला की हत्यार.

शिवाय आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७(१). पेपरात कोपऱ्यात बातमी असते ना, "जिल्ह्यात मनाई आदेश लागू"? दर पंधरा दिवसांनी नवा निघतो. शस्त्रं, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, सोटे, काठ्या, सगळं त्यात. केकवाल्या दादांवर बहुतेक शस्त्र कायदा आणि याच पोलीस अधिनियमाचं कलम १३५ जोडून लावतात.

पंक्चरवाला:
काठ्यासुद्धा? आमचे आजोबा पंधरा दिवसांनी एकदा गुन्हेगार होतात म्हणायचे.

जमादार:
वृद्ध, अपंगांना आधाराची काठी चालते असं बऱ्याच आदेशांत लिहिलेलं असतं. आजोबा सुटले. तुमचं बघावं लागेल.

बोरूबहाद्दर:
आणि दसऱ्याला जेजुरीत खंडा उचलतात, तो ४२ किलोचा. तोही नऊ इंचांच्या वर असणार. 😀

जमादार:
४२ किलोचा खंडा घेऊन कोणी पळून दाखवला तर मी स्वतः सलाम ठोकीन. परंपरेच्या, देवस्थानच्या कार्यक्रमांना रीतसर बंदोबस्त आणि परवानगी असते. मर्दानी खेळवाल्या पोरांनाही सांगतो, आयोजकांच्या परवानगीची प्रत जवळ ठेवा.

खुसपट:
मग कर्नाटकातल्या कोडगूच्या (कूर्गच्या) लोकांना का सूट? तिथे लग्नात बंदुका उडवतात म्हणे, परवाना नाही काही नाही.

कोर्टकचेरी:
तिथला कोडव समाज आणि जम्मा (म्हणजे तिथल्या वंशपरंपरागत) जमिनीचे धारक यांना १८६१ पासून सूट आहे, बंदुकीची पूजा करणारा कैलपोळ्द हा त्यांचा सणच आहे. केंद्राने २०१९ मध्ये ती दहा वर्षांसाठी पुढे चालवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने उचलून धरली. शिखांच्या कृपाणाला तर संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातच जागा आहे. तुमच्या मेव्हण्यांचा समावेश यातल्या कशातही दिसत नाही.

सराफकट्टा:
मेव्हण्यांना सोडा, माझं सांगा. रात्री नऊला दुकान बंद, साडेनऊला रिसेप्शन. रोकड घरी टाकली तरी रिव्हॉल्वर कुठे टाकू? तुम्ही म्हणता मॅनेजरकडे नको, ड्रायव्हरकडे नको, मांडवात नको.

कोर्टकचेरी:
घरी. तिजोरीत, काडतुसं वेगळी, किल्ली खिशात. मग रिसेप्शन. उशीर झाला तर आइस्क्रीम संपलेलं असेल. गावाला जाणार असाल तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे पावती घेऊन ठेवता येतं.

सराफकट्टा:
आमच्या समाजाच्या लग्नात दहाला आइस्क्रीम खरंच संपतं. पण ठीक आहे.

खुसपट:
सगळं वाचलं. मेव्हण्याला धागा पाठवला. त्याचा एका शब्दाचा मेसेज आला, तो इथे लिहिता येणार नाही. पण परवान्याची मागची बाजू त्याने बघितली एवढं नक्की, कारण आता तो म्हणतोय की "लग्न हे धार्मिक मिरवणुकीत येत नाही."

पंक्चरवाला:
वरात येते की.

मोरपिशी:
सगळ्यांचे आभार. मधे लिहायला जमलं नाही कारण सांगण्यासारखं काही घडायचं होतं. काल घडलं.

कोर्टकचेरींचा पहिला प्रतिसाद मी दादाला वाचून दाखवला होता. दादाचा स्वभाव भिडस्त, मुलीच्या सासरच्यांना फोन करायला तयार नव्हता. शेवटी वहिनीने केला, थेट व्याह्यांना. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमच्या मित्रांच्या परवान्यामागे काहीतरी लिहिलेलं असतं म्हणतात, उद्या त्यांनाच त्रास नको, जरा बघायला सांगा." कपाटाचं आम्हीच चुकीचं सुचवलं होतं हेही तिने सांगितलं.

काल व्याह्यांकडे सत्यनारायण होता. ते गृहस्थ आले. मे महिना, चाळीस डिग्री, आणि यांच्या अंगात जॅकेट! पूर्ण चेन लावलेलं. आता जॅकेटच्या आत आहे की नाही? नियमात "पूर्ण झाकलेलं" म्हटलंय, ते तर झालं. पण घरची पूजा, पन्नास-साठ माणसं, हा जमाव धरायचा की नाही, तेवढ्यात मला कोर्टकचेरी आठवले. सगळ्यांच्या नजरा त्या जॅकेटवर, विचारणार कोण? दादा तर प्रसादाच्या ताटाकडेच बघत होता.

चिंटू आला. सरळ त्यांच्याजवळ गेला, जॅकेट बाजूला करून कमरेवर दोन्ही बाजूंनी हात फिरवला आणि मोठ्याने ओरडला, "आत्या, नाहीये आज!"

ते गृहस्थ लाल झाले. मग जॅकेट काढून खुर्चीला टांगलं आणि पंख्याखाली जाऊन बसले.

जमादार:
अंगझडती व्यवस्थित घेतली. दोन्ही बाजू तपासल्या हे महत्त्वाचं.

रानमांजर:
निवडणुकीत त्या पोराला आमच्या नाक्यावर पाठवा. चार पिशव्या काजूगर देतो.